विश्लेषण : गोंदियाचे सारस मोजले, पण त्यात नर किती, माद्या किती?

महाराष्ट्रातील सारस जवळपास सगळे गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत. दरवर्षी त्यांची डोकी मोजली जातात. मात्र पिल्ले का वाढत नाहीत, याचे उत्तर पक्ष्याच्या शरीराच्या आत आहे. तिथे डोकावायचे कसे, तेही पक्ष्याला हात न लावता?

नागझिऱ्याच्या जंगलात वाघ मोजणे अवघड असले तरी वाघ आणि वाघीण ओळखणे तुलनेने सोपे आहे. कॅमेरा ट्रॅपमध्ये एक चांगला फोटो मिळाला की पट्ट्यांवरून वाघ कोणता ते कळते आणि मागून फोटो आला तर नर की मादी तेही कळते. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यामुळे मराठी वाचकाला ठाऊक झालेले हे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे पैसा आहे, कर्मचारी आहेत, कॅमेरे आहेत.

याच जिल्ह्यातला दुसरा मानाचा प्राणी जंगलाबाहेर राहतो. वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठच्या धानाच्या बांध्यांत, मामा तलावांच्या कडेला, परसवाडा-झिलमिलीसारख्या पाणथळींवर सारस दिसतो. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सर्वांत उंच, उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला लागणारा. पण जोडी समोर उभी असली तरी नर कोणता आणि मादी कोणती हे पाहून सांगता येत नाही. दोघांची मान तशीच लाल, पिसे तशीच राखाडी. नर थोडा थोराड असतो, पण तेही दोघे शेजारी असतील तरच लक्षात येते.

प्रश्न आताच का महत्त्वाचा?

गोंदियात सारसांची गणना नियमित होते. वन विभाग, ‘सेवा’ ही गोंदियातील संस्था आणि गावोगावचे स्वयंसेवक त्यात असतात. वैनगंगेपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातही ती होते, कारण सारसाला राज्याची हद्द कळत नाही. गोंदिया जिल्ह्याचा आकडा गेल्या काही गणनांत चाळिशीच्या आत राहिला आहे. भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत तर एखाददुसरा पक्षी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली.

चर्चा तेव्हापासून वीजतारा, कीटकनाशके, अंड्यांची नासधूस आणि रेतीउपसा यांभोवती फिरते आहे. ते योग्यच आहे. मात्र तीस-पस्तीस पक्ष्यांच्या संख्येत आणखी एक गणित दडलेले असते. समजा तीस पक्षी आहेत आणि त्यातले वीस नर, दहा माद्या आहेत. सारस जोडीने राहणारा पक्षी असल्याने जास्तीत जास्त दहाच जोड्या होऊ शकतील. त्यातले काही अजून वयात आलेले नसतील, काही म्हातारे असतील. म्हणजे कागदावर तीस आणि घरट्यावर पाच-सहा जोड्या. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण छोट्या संख्येत असा तोल सहज बिघडतो. तीन माद्या वीजतारेला लागून मेल्या तर तीन पक्षी कमी झाले एवढेच नोंदले जाते. तीन घरटी कमी झाली, हे नोंदले जात नाही.

पक्ष्याचे लिंग बाहेरून का कळत नाही?

मोर-लांडोर किंवा चिमणा-चिमणी यांच्यात पिसांवरून फरक कळतो. सारस, गिधाड, घुबड, पोपटांच्या अनेक जाती यांत तो नाही. सस्तन प्राण्यांसारखे बाह्य अवयव पाहावेत तर तेही नाहीत. नराची दोन्ही वृषणे पोटाच्या आत, मूत्रपिंडांना लागून असतात. सुमारे ९७ टक्के जातींत नराला शिश्न नसते. नर-मादीचे अवस्कर, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि शुक्राणू किंवा अंडे यांचे सामाईक दार, क्षणभर एकमेकांना टेकते आणि काम होते.

मादीचे शरीर तर आणखी विलक्षण. बहुतेक पक्ष्यांत फक्त डावे अंडाशय आणि डावी अंडनलिका वाढते, उजवी बाजू गर्भावस्थेतच मागे पडते. उडणाऱ्या शरीराला वजन परवडत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. किवी आणि काही शिकारी पक्षी याला अपवाद आहेत. अंडनलिकेच्या पहिल्या टप्प्यात, नरसाळ्यासारख्या तोंडाशी, बलकाचे फलन होते. मग पांढरा बलक, पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच. कोंबडीत या सगळ्याला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला. त्यामुळे अंड्याचे कवच म्हणजे मादीच्या शरीराचा छापील अहवालच म्हणायला हवा. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

दुसरी अडचण ऋतूची. विणीच्या काळात वृषणे अनेक पटींनी फुगतात, काही लहान पक्ष्यांत तर शेकडो पटींनी, आणि हंगाम संपला की पुन्हा आकसतात. त्यामुळे रोवणीच्या दिवसांत पाहिलेला पक्षी आणि उन्हाळ्यात पाहिलेला पक्षी आतून सारखा नसतो.

पूर्वी अभ्यास कसा व्हायचा?

पक्षी मारून. हे ऐकायला वाईट वाटते, पण आपले पक्षीज्ञान बऱ्याच अंशी त्यावर उभे आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मुंबईतील संग्रहात हजारो पक्ष्यांची कातडी आहेत. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी असते. गोळा करणारा पक्षी सोलतानाच पोट उघडून पाहायचा. द्राक्षाच्या घडासारखे दाणे दिसले तर अंडाशय, घेवड्याच्या दाण्यांसारखी जोडी दिसली तर वृषणे. त्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये टिपायची. सलीम अली यांच्या काळातील सर्वेक्षणांत अशा नोंदी असत. कोणत्या भागात कोणता पक्षी कधी वीण घालतो, याची वेळापत्रके अशा नोंदींतून तयार झाली.

त्याच सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपुढे बसून, नुसते पाहून, एक नर अर्धवट घरटी बांधून एकामागून एक माद्या मिळवतो हे दाखवले. दोन्ही पद्धती एकाच माणसाच्या हातातल्या. शव उघडले की अवयव कळतो. तो पक्षी त्या अवयवाचे काय करतो, हे मात्र जिवंत पक्षीच सांगतो.

चाकूचे महत्त्व मात्र संपलेले नाही. बदकांच्या नरांना शिश्न असते आणि ते मळसूत्रासारखे असते, हे जुनेच ज्ञान. मादीची अंडनलिका नीट सोडवून पाहायचे मात्र फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. पॅट्रिशिया ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते केले, तेव्हा तिथे आंधळी वळणे आणि नराच्या उलट दिशेचे पीळ सापडले. नको असलेल्या नराला अडवण्याची ती सोय असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. नागझिऱ्याच्या तलावावर निवांत पोहणारे हळदीकुंकू बदक पाहताना हे कोणाच्या मनातही येणार नाही.

जिवंत पक्ष्यावर कोणत्या पद्धती आहेत?

सर्वांत जुनी म्हणजे अवस्कर उलटून पाहणे. १९२० आणि ३० च्या दशकांत जपानी तज्ज्ञांनी एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांवर ती इतकी पक्की केली की आजही हॅचरीत सराईत हात सेकंदा-दोन सेकंदांत नर-मादी वेगळे करतात. रानटी पक्ष्याला ही पद्धत लागू करायची तर आधी त्याला धरावे लागते, आणि मोठ्या पक्ष्यांत ती तितकी भरवशाचीही नाही.

मग आली दुर्बीण. पक्ष्याला भूल देऊन डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे बारीक छेद घेतात आणि पेनाच्या रिफिलसारखी दुर्बीण हवेच्या पिशवीत सरकवतात. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असल्याने आत पाहायला मोकळी जागा मिळते. नर की मादी एवढेच कळत नाही, तर अंडाशय सुप्त आहे की दाणे भरू लागले आहेत, वृषण निरोगी आहे का, हेही दिसते. प्राणिसंग्रहालयांत आणि पोपटांच्या प्रजनन केंद्रांत ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेली. सोनोग्राफीही होते, पण हवेच्या पिशव्यांमुळे चित्र अडते. ती मोठ्या पक्ष्यांत आणि विणीच्या काळातच जास्त उपयोगी पडते.

गोंदियाच्या सारसांना हे करावे का? माझ्या मते अजिबात नाही. लांब पायांचे पक्षी पकडताना घाबरून इतकी धडपड करतात की त्यांचे स्नायूच निकामी होतात. पक्षी सोडल्यावर उभा राहतो, चार पावले चालतो आणि दोन दिवसांनी मरतो. क्रौंचवर्गीय पक्ष्यांत हा धोका सर्वज्ञात आहे. जिथे एकेक पक्षी मोलाचा, तिथे माहितीसाठी पक्षी पणाला लावणे हा उलटा व्यवहार झाला.

पिसावरून कसे कळते?

पक्ष्यांत गुणसूत्रांचा हिशेब माणसाच्या उलट आहे. नराकडे एकसारखी दोन, झेड-झेड. मादीकडे वेगवेगळी, झेड आणि डब्ल्यू. दोन्ही गुणसूत्रांवर सीएचडी नावाचे एक जनुक असते, पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी झेडवर वेगळी आणि डब्ल्यूवर वेगळी. त्या तुकड्याच्या प्रती काढून जेलवर पळवल्या की नराची एक रेघ उमटते, मादीच्या दोन. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चाचणी रूढ झाली. रक्ताचा थेंब, पिसाचे मूळ, अंड्याच्या कवचाच्या आतला पापुद्रा, यातले काहीही चालते.

तिची पहिली गाजलेली गोष्ट ब्राझीलची. १९९० च्या दशकात स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाचा रानात एकच पक्षी उरला होता. त्याला जोडीदार द्यायचा होता, पण नर द्यायचा की मादी? पक्ष्याला न पकडता त्याचे गळलेले पीस ब्रिटनला पाठवले गेले आणि १९९५ मध्ये उत्तर आले, नर आहे. त्याच वर्षी बंदिवासातली एक मादी सोडण्यात आली. थोड्याच आठवड्यांत ती नाहीशी झाली. पुढे २००० मध्ये तो नरही दिसेनासा झाला. चाचणी बरोबर होती, निर्णय बरोबर होता, फक्त दहा-पंधरा वर्षांचा उशीर झाला होता.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीची ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळा आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वन्यजीवांच्या डीएनए तपासणीसाठी ओळखल्या जातात. विदर्भाला हा विषय परकाही नाही. हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच इथे आणून पुढे सोडण्यात आली. गिधाडांतही नर-मादी सारखेच दिसतात. त्यामुळे अशा पक्ष्यांच्या प्रजनन केंद्रात डीएनए चाचणी ही चैन नसून रोजच्या कामाचा भाग असते. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवून अंड्याची वाट पाहणे, ही चूक जगभरच्या केंद्रांनी पूर्वी करून झाली आहे.

आणि काहीच हाती नसेल तर?

कान. सारसाची जोडी पहाटे माना उंचावून एकत्र साद घालते. त्या वेळी नर पंख पाठीवर उचलतो, मादी पंख मिटलेलेच ठेवते. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन, जरा उंच पट्टीतल्या. क्रौंचांच्या या युगुलसादांचा अभ्यास करणारे जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी पुढे अमेरिकेत इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन उभारले. माणसाळलेल्या एका व्हूपिंग क्रेन मादीने अंडे घालावे म्हणून हे गृहस्थ तिच्यासमोर नाचत असत. कृत्रिम रेतनानंतर १९८२ मध्ये तिच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले.

म्हणजे गणनेला जाणाऱ्या स्वयंसेवकाने मोबाइलवर युगुलसादेचा व्हिडीओ घेतला, तर त्या जोडीतला नर आणि मादी घरबसल्या ठरवता येतील. खर्च शून्य. अडचण एवढीच की एकटे आणि वयात न आलेले पक्षी अशी साद घालत नाहीत, आणि नेमका त्यांच्यातलाच तोल आपल्याला ठाऊक नसतो. तिथे गळलेली पिसे लागतील. पक्ष्याचे वय मात्र दुरून कळते. पहिल्या वर्षाच्या पिल्लाचे डोके लाल नसते, बदामी-तपकिरी असते.

न उबलेले अंडे काय सांगते?

या सगळ्या विषयातला गोंदियासाठी सर्वांत कामाचा भाग कदाचित हाच. सारस पावसाळ्यात धानाच्या पाण्यात गवताचा मोठा ढीग रचून घरटे करतो. साधारण दोन अंडी, महिनाभर उबवण. शेतकऱ्याचे थोडे धान त्यात जाते, म्हणून घरटी वाचवायला शेतकऱ्यांशी बोलणे हे इथल्या कामाचे मोठे अंग आहे. घरटे वाचले, जोडी महिनाभर बसली आणि अंडे उबलेच नाही, तर? बहुतेकदा ‘अंडे खराब निघाले’ एवढ्यावर विषय संपतो.

खराब म्हणजे काय, यात दोन अगदी वेगळ्या शक्यता आहेत. फलनच झाले नाही, किंवा फलन झाले पण गर्भ पहिल्या दोन-चार दिवसांत मेला. उघड्या डोळ्यांना दोन्ही अंडी सारखीच दिसतात. ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठाचे टिम बर्कहेड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती वेगळी ओळखण्याची रीत मांडली. पिवळ्या बलकाभोवती जो पातळ पापुद्रा असतो, त्यात मादीपर्यंत पोहोचलेले शुक्राणू अडकून राहतात. पापुद्रा धुऊन, चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते मोजता येतात. कितीतरी दिवस घरट्यात पडून राहिलेल्या अंड्यातही हे जमते.

पापुद्र्यावर शुक्राणूच नसतील, तर दोष जोडीत आहे. नर म्हातारा असेल, कमजोर असेल, किंवा जोडीच नीट जमली नसेल. शुक्राणू भरपूर असतील आणि गर्भाच्या पेशीही दिसल्या, तर संशय विषाकडे, जवळच्या नात्यातील जोडीकडे किंवा उबवणीत आलेल्या व्यत्ययाकडे जातो. पहिल्या प्रकारात फवारणी थांबवून फारसे काही साधणार नाही. दुसऱ्या प्रकारात बाहेरून नर आणून काही साधणार नाही. दोन्हींवर खर्च सारखाच होतो, म्हणून आधी अंडे पाहायला हवे.

कवचही बोलते. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये सिद्ध झाले ते संग्रहालयातील जुनी कवचे आणि नवी कवचे तोलून. गोंदियात फुटलेल्या कवचाचे तुकडे जपून ठेवले, तर दहा वर्षांनी तुलना करायला काहीतरी हाती राहील.

कायदा आड येतो का?

येतो, आणि यायलाच हवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी खराब करणे, अंडी किंवा घरटी विस्कटणे येते. त्यामुळे हौशी मंडळींनी न उबलेले अंडे घरी आणणे हा गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. मात्र याच कायद्याच्या कलम १२ मध्ये शास्त्रीय संशोधनासाठी परवानगीची तरतूद आहे. जोडीने घरटे पूर्ण सोडल्यानंतरच अंडे, कवच किंवा पीस वन कर्मचाऱ्यानेच उचलावे आणि प्रयोगशाळेला पाठवावे, अशी कायमची परवानगी हंगामाआधी काढून ठेवता येईल. ऐन वेळी अर्ज केला, तर सही होईपर्यंत अंडे सडून जाईल.

दुसरी गोष्ट शवविच्छेदनाची. तारेला लागून मेलेल्या सारसाचे विच्छेदन पशुवैद्यक करतो, मृत्यूचे कारण नोंदवतो. त्याच वेळी गोनाड पाहून लिंग, अंडाशयातील सर्वांत मोठ्या दाण्याचे माप किंवा वृषणाची लांबी, एवढ्या दोन ओळी लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. सलीम अलींच्या काळातले लोक ते तंबूत, कंदिलाच्या उजेडात करत. प्रत्येक अहवालात या ओळी असायला हव्यात. विदर्भाच्या उन्हात शव काही तासांत खराब होते आणि नेमके हे मऊ अवयव आधी विरघळतात. म्हणून शव बर्फात ठेवून त्याच दिवशी विच्छेदन होणे गरजेचे.

मग कृत्रिम रेतन का नको?

राजस्थानातील माळढोकचे उदाहरण देऊन हा प्रश्न हमखास विचारला जातो. तिथे रामदेवरा केंद्रातील नराला नकली मादीवर शिकवून वीर्य मिळवण्यात आले, ते दुसऱ्या केंद्रातील मादीत सोडण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पिल्लू जन्मले. अबुधाबीतील होउबारा संवर्धन संस्थेकडून हे तंत्र शिकून घेतले होते. यश मोठे आहे. पण माळढोकची अवस्था अशी होती की दुसरा मार्गच राहिला नव्हता. सोलापूरजवळच्या नान्नजला, जिथे कधीकाळी ते हमखास दिसत, तिथली आजची परिस्थिती पक्षीप्रेमींना ठाऊक आहे.

सारसाचे तसे नाही. देशात, मुख्यतः उत्तर प्रदेशात, ते हजारोंनी आहेत. गोंदियातल्या जोड्या आजही स्वतःहून घरटी करतात. पिंजरे, इन्क्युबेटर आणि नकली माद्या यांवर कोट्यवधी खर्च करण्याआधी पिसांची पाकिटे, अंड्यांचे पापुद्रे आणि शवविच्छेदनाच्या दोन ओळी यांवरून नेमके कुठे अडते आहे ते कळू शकते. जोड्याच कमी असतील तर त्या जोड्यांच्या बांध्यांवरून जाणाऱ्या तारा आधी हलवाव्या लागतील. जोड्या पुरेशा असून अंडी फुकट जात असतील, तर शेताच्या पाण्याचे नमुने आधी घ्यावे लागतील. रोवणी सुरू झाली की महिना-दीड महिन्यात घरटी दिसू लागतात, तेव्हा परवानगीचा कागद त्याआधी तयार असावा लागेल.